बेडूक झाडावर राहतो, मग त्याची पिल्लं पाण्यात पोचतात कशी?

पावसाळा लागला की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक फोटो फिरायला लागतो. हिरवागार बेडूक, पोटाकडे फिकट पिवळा आणि हातापायाच्या बोटांमधला पडदा एकदम शेंदरी. कोणीतरी आंबोलीला जाऊन आलेलं असतं, त्यांनी टाकलेला असतो. मग खाली सुरू, हा उडतो म्हणे, हा विषारी असतो म्हणे हात लावू नका, आणि एक प्रश्न तर ठरलेला, की भो हा आपल्या सातपुड्यात सापडतो का. तिन्ही गोष्टींबद्दल सांगते, पण मला स्वतःला विचाराल तर या बेडकाचं उडणं वगैरे त्याच्या घरट्यापुढे काहीच नाही. घरटंच म्हणतेय मी, बेडकाचं घरटं, तेही फेसाचं, आणि ते एकदा समजलं ना की हा प्राणी झाडावर कसा टिकतो, ओल्या डोंगरातच का राहतो आणि तळ्याकाठचं एक झाड तोडलं तर त्याचं एवढं नुकसान का होतं हे सगळं आपोआप कळत जातं.

आधी ओळख. याला मलबार ग्लायडिंग फ्रॉग म्हणतात, शास्त्रीय नाव ऱ्हॅकोफोरस मलबारिकस. जर्डन नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता, मद्रासकडे नोकरीला आणि पक्षी-प्राण्यांचा जबरदस्त नाद, त्यानं १८७० मध्ये याचं वर्णन केलं. मादी मोठी, साधारण १० सेंटीमीटरची, नर तिच्यापेक्षा लहान. जगात हा फक्त सह्याद्रीत म्हणजे पश्चिम घाटात आहे, महाराष्ट्रापासून खाली केरळ-तामिळनाडूपर्यंत. दिवसभर पानाला चिकटून हातपाय पोटाखाली घेऊन बसतो, तेव्हा तो शेंदरी पडदा दिसतच नाही, नुसतं एक हिरवं पान वाटतं, आणि अंधार पडला की हालचाल सुरू.

आता सातपुड्याचं. आपल्याकडे डोंगर नाहीत असं नाही, तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे म्हणजे उंचीला आंबोलीपेक्षा जास्तच, पालचं जंगल आहे, यावलचं अभयारण्य आहे. पण सातपुडा तापीच्या उत्तरेला आणि सह्याद्री सुरू होतो तापीच्या दक्षिणेला, दोन वेगळ्या रांगा आहेत त्या. आणि या बेडकाला नुसती उंची नाही पुरत, त्याला ओल लागते. आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, जळगावला ७०० च्या आसपास, म्हणजे दहापटीचा फरक. वर आपलं जंगल सागाचं, सालईचं, उन्हाळ्यात पानं गाळणारं, मार्च-एप्रिलमध्ये तोरणमाळच्या वाटेवर बघा, सावली शोधावी लागते. असल्या उघड्या, कोरड्या जंगलात हिरव्या पानासारखं दिसून काय उपयोग आणि पातळ कातडीनं जगायचं तरी कसं. म्हणून उत्तर असं की नाही, हा बेडूक आपल्याकडचा नाही. पण त्याचा एक भाऊबंद आपल्या घरात राहतो, अगदी बाथरूममध्ये, त्याच्याबद्दल पुढे सांगते कारण तो कमी नाहीये.

मूळ अडचण काय ती समजून घेऊ. बेडकाची कातडी म्हणजे आपल्यासारखं वरचं आवरण नाही, ती पातळ असते, ओली असते, तिच्यातून तो थोडा श्वासही घेतो आणि पाणी तर तिच्यातूनच पितो, तोंडानं नाही. ओल्या जागी पोट टेकून बसला की पोटाखालच्या आणि मांड्यांच्या कातडीतून पाणी आत जातं. म्हणजे ज्या वाटेनं पाणी आत येतं त्याच वाटेनं ते बाहेरही जातं, हवा कोरडी असली की बेडूक सुकतो. अंड्यांचं तर अजूनच अवघड. कोंबडीच्या अंड्याला टणक कवच असतं, बेडकाच्या अंड्याला नुसता जेलीसारखा थर, उघड्यावर ठेवलं तर काही तासांत गेलं. म्हणून बहुतेक बेडूक सरळ पाण्यात अंडी घालतात.

पण पाण्यात काय कमी धोके आहेत का. मासे आहेत, चतुराच्या अळ्या आहेत, पाणकिडे आहेत, दुसऱ्या बेडकांची मोठी झालेली पिल्लं आहेत, आणि अंडं तर बिचारं हलूही शकत नाही. पिल्लू एकदा पोहायला लागलं की निदान पळू तरी शकतं, पण पहिले काही दिवस म्हणजे निव्वळ नशीब. झाडबेडकांच्या या कुळानं, ऱ्हॅकोफोरिडी म्हणतात याला, इथंच वेगळी वाट काढली. अंडी पाण्यात ठेवायचीच नाहीत, पाण्याच्या वर ठेवायची, आणि पाणी नाही तर ओल सोबत न्यायची, फेसात बांधून.

हे होतं कसं ते सांगते. जून-जुलैत चांगला पाऊस झाला की नर पाण्याकाठच्या झाडांवर बसून ओरडायला लागतात. आपल्याकडे पाऊस लांबला की धोंडी धोंडी पाणी दे म्हणत, अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून पोरं दारोदार फिरायची, काही गावांत बेडूकही सोबत असायचा, तर बेडूक आणि पाऊस हे नातं आपल्या लोकांनी कधीच ओळखलेलं आहे, फक्त क्रम असा की पाऊस येतो आणि मग बेडूक ओरडतो, कारण त्याचं पुढचं सगळं पावसावरच आहे. मादी आली की नर तिच्या पाठीवर बसतो, ती त्याला पाठीवर घेऊनच फांदीवर जागा शोधते, आणि जागा कुठली तर बरोबर साचलेल्या पाण्याच्या वरची. मग ती शरीरातून एक चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी, रवीनं ताक घुसळावं तसं, तो घुसळत राहते. त्याचा पांढरा फेस होतो, त्या फेसात ती अंडी सोडत जाते, नर ती फळवत जातो, कधीकधी आजूबाजूचे आणखी एकदोन नरही येऊन घुसतात. तास-दोन तास हे चालू असतं आणि शेवटी फांदीला मुठीएवढा फेसाचा गोळा लटकतो, आजूबाजूची पानं त्याला चिकटलेली असतात. झालं, आईबाप निघून गेले. पिल्लांची राखण वगैरे काही नाही, जे काही द्यायचं ते त्या फेसात दिलेलं आहे.

आणि तो फेस साधा नाही हो. साबणाचा फेस बघा, पाचदहा मिनिटांत बसतो. हा कितीतरी दिवस टिकतो, तेही उघड्यावर, वारा-ऊन-पावसात. यात खास प्रोटीन असतात जी पाण्याचा पृष्ठताण कमी करून बुडबुडे बनू देतात आणि मग ते बुडबुडे धरूनही ठेवतात. बाहेरचा थर वाळून जरा कडक होतो आणि त्यामुळे आतली ओल आतच राहते. शिवाय फेस म्हणजे निम्मी-अधिक हवाच की, मग अंड्यांना प्राणवायूही तिथल्या तिथे मिळतो. मलेशियातल्या एका झाडबेडकाच्या, पॉलिपेडेटिस ल्युकोमिस्टॅक्स त्याचं नाव, त्याच्या फेसात तर शास्त्रज्ञांना चक्क निळ्या रंगाचं प्रोटीन सापडलं आणि त्याची रचना २००८ मध्ये उलगडली. ओल धरणं, हवा देणं, बाहेरच्या किड्यामुंगीपासून आडोसा, एवढी कामं एका फेसाच्या गोळ्यात, आणि बनवायला लागलं काय तर दोन पाय.

साधारण आठवडाभरात अंड्यांतून पिल्लं निघतात, तीही फेसातच, शेपटीवाली, वळवळणारी. मग आतला फेस पातळ व्हायला लागतो, पाऊस पडला की तो अजून मऊ होतो, आणि पिल्लं एकेक करून खाली गळतात. खाली पाणी असतं. असलं तर.

हे असलं तर फार महत्त्वाचं आहे. या बेडकाला जंगल लागतं असं आपण सहज म्हणतो, तळं लागतं असंही म्हणतो, पण त्याला लागतं ते तळ्यावर वाकलेलं झाड. फांदी बरोबर पाण्याच्या वर पाहिजे. समजा एखाद्या गावाबाहेर डबकं आहे, मागे शंभर पावलांवर भरगच्च झाडी आहे, आणि कोणीतरी डबक्याचा काठ साफ केला, बसायला कट्टा केला, चार झुडपं काढली. बघणाऱ्याला वाटेल जंगलही आहे, पाणीही आहे, काहीच बिघडलं नाही. पण बेडकाच्या हिशोबानं तिथं आता काहीच उरलं नाही, कारण झाडावर अंडी घातली तर खाली माती आणि पाण्यावर अंडी घालायला फांदी नाही. उलटंही खरं आहे, झाड ठेवलं पण डबक्यात भराव टाकला तरी तेच. आणि ही डबकी बरेचदा फक्त पावसाळ्यापुरती असतात, आपल्याला ती वाया गेलेली जागा वाटते, त्यांचा फायदा असा की जी उन्हाळ्यात आटतात त्यात मासे टिकत नाहीत, म्हणजे पिल्लांना खाणारं सगळ्यात मोठं तोंडच नाही. म्हणून हे बारमाही मोठ्या तलावापेक्षा असल्या चिल्लर पाण्यावर जास्त अवलंबून असतात. आययूसीएन म्हणजे निसर्ग राखण्यासाठी काम करणारी जागतिक संघटना, तिच्या यादीत या जातीला आज धोका नसलेल्या गटात ठेवलंय, ती चांगलीच गोष्ट आहे, पण ती सगळ्या सह्याद्रीची मिळून गोष्ट झाली. एका डबक्यावरचं झाड गेलं की त्या डबक्यावरचे बेडूक संपतात, यादीत त्याची नोंद कुठेच होत नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

बरं, आता उडण्याचं. पंखानं उडतो तसं हे नाही, उंचावरून उडी मारून तिरकं तरंगत खाली येणं आहे. उडी मारताना तो चारही पंजे पूर्ण फाकवतो, बोटांमधले पडदे ताणले जातात, हातपाय कोपरात-गुडघ्यात वाकवून शरीराला लागून बाजूला धरतो आणि पोट सपाट करतो. त्यानं हवेचा अडथळा वाढतो, पडण्याचा वेग कमी होतो आणि तो पुढे सरकत जातो, ९ ते १२ मीटरपर्यंत जातो अशा नोंदी आहेत. असलाच एक बेडूक १८५५ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाला बोर्निओत बघायला मिळाला होता, एका चिनी मजुरानं त्याला आणून दिला आणि सांगितलं की हा उंच झाडावरून तिरका उडाल्यासारखा खाली आला. तिथली जात वेगळी, पण कुळ हेच. पुढे १९९० मध्ये शरॉन इमर्सन आणि मिमी कोएल या दोघींनी बेडकाच्या प्रतिकृती करून वाऱ्याच्या झोतात धरून बघितल्या, आणि त्यातून जे निघालं ते मला फार आवडतं, मोठे पंजे आणि ती वाकलेल्या पायांची बैठक यामुळे लांब जाता येतं असं नाही, उलट वळता येतं. म्हणजे खरा फायदा दिशा बदलण्याचा. घनदाट जंगलात ते जास्त कामाचं आहे, समोर फांदी आली तर चुकवता यायला पाहिजे आणि हव्या त्या पानावर उतरता यायला पाहिजे.

उतरल्यावर चिकटायचं कसं, तेही ओल्या गुळगुळीत पानाला? बोटांच्या टोकांना चपट्या गाद्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर त्यात षटकोनी पेशी दिसतात आणि पेशींमध्ये बारीक बारीक चर, त्या चरांत पातळ चिकट पाणी. गादी पानाला टेकली की मध्ये या पाण्याचा अगदी पातळ थर राहतो, आणि तोच गादी धरून ठेवतो, पृष्ठताणानं. पानावरचं जास्तीचं पाणी चरांतून बाजूला जातं म्हणून भर पावसातही पकड सुटत नाही. पाय उचलायचा तर एका कडेनं सोलत उचलायचा, लगेच सुटतो.

विषारी आहे का, तर नाही, निदान आपल्याला घाबरण्यासारखं काही नाही. पण हात लावू नका हे मात्र बरोबरच आहे, कारण उलटं आहे. त्याची कातडी सगळं आत ओढून घेते हे वर सांगितलं ना, मग आपल्या हाताला सॅनिटायझर लागलेलं असतं, डासांचं मलम लागलेलं असतं, घाम-मीठ असतं, ते त्याच्या अंगात जातं. फोटोसाठी पानावरून उचलून दुसऱ्या चांगल्या दिसणाऱ्या फांदीवर ठेवायची जी पद्धत आहे ती तर बंदच व्हायला पाहिजे, आणि रात्री घाटात गाडी हळू चालवली तर फार बरं, पावसात बेडूक रस्त्यावर येतात आणि चाकाखाली जातात.

त्या हिरव्या रंगाचंही जाता जाता सांगते. बऱ्याच हिरव्या बेडकांत हिरवा रंग असा नसतोच. कातडीत वर पिवळ्या रंगाच्या पेशी, त्याखाली निळा प्रकाश परतवणाऱ्या पेशी, आणि त्याच्याही खाली काळ्या. निळा प्रकाश पिवळ्यातून गाळून आला की आपल्याला हिरवा दिसतो. म्हणून जुन्या संग्रहालयांत स्पिरिटच्या बाटलीत ठेवलेले हिरवे बेडूक कधीकधी निळे झालेले दिसतात, पिवळा रंग विरघळून जातो.

याच कुळातले बाकीचे लोक तर आणखी पुढे गेले. ऱ्हॅकोफोरस लॅटरॅलिस म्हणून एक छोटा ग्लायडिंग बेडूक कर्नाटक-केरळकडच्या घाटात आहे, त्याची मादी फेस केल्यावर एकटी बसून पान दुमडते आणि फेस पानात गुंडाळून टाकते, पुडी बांधल्यासारखी. राऑर्केस्टिस नावाचे चिमुकले बेडूक आहेत, सह्याद्रीत यांच्या कितीतरी जाती आहेत, महाराष्ट्रातही आहेत, यांना डबकंच लागत नाही. ओल्या पानावर किंवा पालापाचोळ्यात अंडी, पाण्यातली शेपटीवाली अवस्था अंड्यातच उरकायची आणि बाहेर यायचं ते थेट नखाएवढा पूर्ण बेडूक बनून. त्यातला एक, राऑर्केस्टिस चॅलाझोडिस, १८७४ नंतर कोणाला दिसलाच नव्हता, २०११ मध्ये परत सापडल्याचं जाहीर झालं, आणि नंतर कळलं की तो बांबूच्या पेरात चिरेतून आत शिरतो, तिथेच अंडी घालतो आणि नर आत बसून त्यांची राखण करतो. या सगळ्या युक्त्यांना हवा मात्र सतत दमट पाहिजे, धुकं पाहिजे, म्हणूनच ही मंडळी पावसाच्या डोंगरांना धरून राहतात.

आणि आता आपला. बाथरूमच्या आरशामागे, माठाच्या तिवईखाली, कुलरच्या आत, फ्लशच्या टाकीत जो तपकिरी, मातकट, लांब पायांचा बेडूक निघतो आणि टुणकन भिंतीला चिकटतो, तोच. पॉलिपेडेटिस मॅक्युलॅटस. मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके असतात, पाय लांब केला की दिसतात. ऱ्हॅकोफोरिडी कुळातलाच हा, बोटांना तशाच गाद्या, आणि हो, फेसाचं घरटं तसंच. फक्त हा तरंगत उतरत नाही आणि शेंदरी पडदाही नाही, म्हणून याचा फोटो कोणी टाकत नाही, झाडूनं बाहेर काढतात.

पण विचार करा, ज्या भुसावळला मे महिन्यात ४५-४६ डिग्री जातं तिथं हा पातळ कातडीचा प्राणी जगतो. कसा? १९९७ मध्ये हार्वे लिलीव्हाइट आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी याच बेडकावर अभ्यास छापला. त्यांना दिसलं की हवा कोरडी व्हायला लागली की हा आपल्या हातापायांनी सगळं अंग पुसून घेतो, पाठ, डोकं, बाजू, पद्धतशीर. कातडीतून निघणारा स्राव, ज्यात स्निग्ध पदार्थ असतात, तो अंगभर पसरवतो, आणि मग हातपाय आत घेऊन अंग चोरून निपचित बसतो. त्या थरामुळे अंगातलं पाणी उडून जाणं बरंच कमी होतं. बाथरूमच्या भिंतीवर दिवसभर न हलता बसलेला बेडूक मेलाय का म्हणून आपण काडीनं ढोसतो ना, तो मेलेला नसतो, पाणी वाचवत असतो. हलवलं की त्याचा तो थर मोडतो, त्याला परत सगळं करावं लागतं, तेही अंगातलंच पाणी खर्च करून. संध्याकाळी दिवे लागले की तो स्वतःच किडे खायला बाहेर पडतो.

जुलैमध्ये चांगला पाऊस झाल्यावर दोनतीन दिवसांनी शेतावरच्या हौदाच्या आतल्या भिंतीवर बघा, गुरांच्या हाळाच्या कडेला, विहिरीच्या दगडांवर, शेततळ्याच्या काठच्या गवतावर, पाण्याच्या वीतभर-हातभर वर पिवळसर पांढरा फेसाचा गोळा दिसेल. कोणी थुंकलंय किंवा साबण सांडलाय असं वाटून लोक पाण्याचा मारा करून धुऊन टाकतात. तो राहू द्या. हौद घासायचा असेल तर आठवडाभर थांबा, पिल्लं खाली पाण्यात उतरली की त्यांना पाय फुटेपर्यंत अजून काही आठवडे जातात, तेवढ्यात पाणी पूर्ण उपसावं लागलंच तर पिल्लं बादलीत घेऊन जवळच्या डबक्यात सोडा, फक्त त्या डबक्यात मासे नसावेत आणि फवारणीचा पंप तिथं धुतलेला नसावा. प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं शेततळं असेल तर एका कोपऱ्यात बाभळीची एखादी फांदी किंवा जुनं पोतं दोरीनं बांधून पाण्यात सोडून ठेवा. झाडबेडकाला गाद्या आहेत, तो कागदावरून चढून येईलही, पण साधा बेडूक, भेक, सरडा असले जे पडतात त्यांना निसरड्या कागदावरून वर यायला तेवढाच आधार होतो.